निर्लेखनाआधी कॅबिनेट उघडा

विंडोज १० या प्रणालीसाठी मोफत सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये, पतसंस्थांच्या काउंटरवर, कर सल्लागारांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले डेस्कटॉप एका तारखेने जुने ठरले. पुण्यात शिक्षणसंस्था आणि लहान-मध्यम कार्यालये दोन्ही दाटीने आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे अनेक टेबलांवर एकदमच येऊन पडला आहे. यातली बरीच यंत्रे डेल, एचपी, लेनोवो, एसर अशा नावाजलेल्या कंपन्यांची आहेत आणि ‘ब्रँडेड मशीनला बाहेरचा हात लावायचा नाही’ हा समज त्यांच्याभोवती पक्का बसलेला आहे. म्हणून सल्लाही ठरलेला मिळतो: निर्लेखन करा, भंगारात द्या, नवे घ्या. माझे मत याच्या विरुद्ध आहे. यातल्या बहुतेक यंत्रांना बाजारात मिळणारे सुटे भाग घालून आणखी काही वर्षे नीट वापरता येते, आणि तसे करू देणे ही कंपनीची मेहेरबानी नसून पैसे मोजून यंत्र विकत घेणाऱ्याचा हक्क आहे.

‘कॉम्प्युटर स्लो झाला’ या तक्रारीच्या मुळाशी प्रोसेसर क्वचितच असतो. २०१६ ते २०१९ या काळात घेतलेल्या कार्यालयीन यंत्रांत साधारणपणे चार किंवा आठ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असे. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी टोक सरकावे लागते, तबकडी फिरावी लागते, आणि यात प्रत्येक वेळी साधारण दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या फायलींची सेकंदाला शंभराच्या आतबाहेर वाचने. आजची प्रणाली, अँटिव्हायरस आणि ब्राउझर एकाच वेळी हजारो लहान फायली मागतात, तेव्हा प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तेच काम तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते. त्यात रॅम अपुरी असली की प्रणाली डिस्कलाच रॅमसारखे वापरू लागते आणि दुखणे दुणावते. एक एसएसडी आणि रॅमची एक पट्टी एवढ्यावर हे दोन्ही आजार जातात. टॅली, एक्सेल, सरकारी पोर्टलवरचे अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅमिंगचे सराव या कामांना त्याहून अधिक ताकद लागत नाही.

पण सुरक्षा अपडेटच बंद झाली तर वेगाचे काय करायचे, हा आक्षेप गंभीर आहे. लोकांच्या ठेवींचा हिशेब असलेले यंत्र अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवणे मलाही मान्य नाही. मात्र इथे सगळी यंत्रे एका मापाने मोजली जातात, ती चूक आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. डेस्कटॉपसाठीची ही आठवी पिढी ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे २०१८ नंतरची पुष्कळ यंत्रे नियमाने पात्र आहेत. ती ‘चालत नाहीत’ ती डिस्क आणि रॅममुळे. त्याआधीच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टनेच विस्तारित अपडेटची सोय ठेवली आहे. कंपन्यांना ती पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलरला मिळते आणि दर वर्षी दर दुप्पट होतो, त्यामुळे ती कोणाला महाग वाटली तर नवल नाही. शिक्षणसंस्थांना मात्र हाच दर तीन वर्षांसाठी अनुक्रमे एक, दोन आणि चार डॉलर आहे. ज्या कॉलेजच्या लॅबमध्ये साठ यंत्रे आहेत, त्याने हे गणित न करताच निर्लेखनाचा ठराव मांडू नये. शिवाय लिनक्सची वाट आहेच. सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली याच कुळातली. एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर तिथे लिनक्स उपयोगाचे नाही हे खरे, पण सी किंवा पायथन शिकवणाऱ्या लॅबला ही अडचण नाही.

नवे यंत्र वीज कमी खाते, मग जुने ओढत नेण्यात पर्यावरणाचे कोणते भले, असेही विचारले जाते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. १७ इंची मॉनिटरसह एक डेस्कटॉप तयार करायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते. अभ्यास त्या काळच्या काचेच्या जड मॉनिटरसह केलेला आहे, त्यामुळे आकडे आज जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्याचा गाभा टिकून आहे. डेस्कटॉपच्या आयुष्यातल्या ऊर्जेचा मोठा वाटा तो टेबलावर येण्यापूर्वीच, चिप आणि बोर्ड घडवतानाच खर्च झालेला असतो. म्हणूनच यंत्र वितळवून धातू काढण्यापेक्षा त्याचे आयुष्य वाढवण्यात बचत कितीतरी जास्त, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेला कुठे, कोणाच्या हातांनी फोडला जातो याचा हिशेब आपल्या निर्लेखन-पत्रकात येत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनीही यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना वेगळी नोंदणी आणि वेगळे स्थान दिले आहे.

खरी अडचण कॅबिनेट उघडल्यावर दिसते. रॅम आणि एसएसडी सहज बसतात, पण वीज पुरवणारा एसएमपीएस बदलायला गेले की वाट अडते. मदरबोर्डला वीज देणाऱ्या २४ पिनांच्या जोडणीचा सर्वमान्य आराखडा असताना, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन मालिकांतल्या अनेक यंत्रांत सहा, आठ किंवा दहा पिनांची स्वतःची जोडणी आणि स्वतःच्या मापाचा एसएमपीएस असतो. टिळक रस्त्यावरच्या दुकानातून आणलेला चांगला प्रमाणित एसएमपीएसही मग तिथे लागत नाही. दोनशे-तीनशे वॅटच्या मूळ एसएमपीएसवर मोठे ग्राफिक कार्ड चालणार नाही, फार तर ७५ वॅटच्या आतले, खाचेतूनच वीज घेणारे कार्ड बसते. लहान आकार आणि वीजबचत ही यामागची कारणे कंपन्या देतात. त्यात तथ्य आहे, कारण कमी व्होल्टेजचे रूपांतर बोर्डावरच केले तर एसएमपीएस सुटसुटीत होतो. पण मग त्या जोडणीचा आराखडा खुला करायला काय हरकत आहे? लेनोवोच्या काही यंत्रांत तर एएमडीचा प्रोसेसर एकदा चालू झाला की तो त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो आणि दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर घेतलाच जात नाही. सुरक्षेच्या नावाखाली केलेली ही व्यवस्था सुट्या भागांच्या जुन्या बाजाराचा गळा आवळणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैयक्तिक संगणक मुळात असा बंदिस्त नव्हता. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच उभा केला होता आणि त्याच्या सर्किटचे आराखडे छापील पुस्तिकेत दिले होते. आज डेल-एचपी-लेनोवो ज्या बाजारात उभ्या आहेत तो त्या खुलेपणातून वाढला. पुण्याला तर हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये याच शहरात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप जोडून. दुसऱ्याने केलेले भाग आपल्या गरजेनुसार जोडणे यात कमीपणा काही नाही. या शहराची संगणकातली ओळखच त्यातून घडली.

आता वॉरंटीची भीती. कार्यालयीन यंत्रांच्या मोठ्या उत्पादकांच्या स्वतःच्या सेवा-पुस्तिकांत रॅम आणि डिस्क कशी काढावी, कशी बसवावी हे चित्रांसह दिलेले असते. बाहेरचा भाग बसवला म्हणून सगळी वॉरंटी गेली, हे सहसा वॉरंटीच्या मजकुरात नसते. त्या भागाची आणि त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनी घेत नाही, एवढेच असते, आणि ते रास्त आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, ठरावीक ब्रँडचाच भाग वापरण्याच्या अटीवर वॉरंटी देण्यास मनाई केली. आपल्याकडे संगणकापुरता इतका थेट नियम नाही, पण दिशा दाखवणारा निकाल आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. त्यांत टाटा मोटर्स, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन या पुण्याभोवती कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. दंडावर पुढे अपिले झाली. तरी आयोगाने मांडलेले तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामाने जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मोटारीला जो न्याय, तो संगणकाला का नाही?

बाजारातला माल नकली निघतो, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. बनावट एसएसडी आणि नावापुरते वॅट छापलेले एसएमपीएस मिळतात, आणि वाईट एसएमपीएस सगळा बोर्ड घेऊन जातो. त्यावर उपाय जीएसटीचे पक्के बिल, अनुक्रमांकाची नोंद आणि भाग बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर वॉरंटीची पडताळणी, इतका साधा आहे. रॅमच्या वाढत्या किमतींचा मुद्दाही खरा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. पण ही महागाई नव्या यंत्रालाही चुकलेली नाही, त्याच्याही पोटात रॅम असतेच. उलट जुन्या यंत्रातली पट्टी आज अधिक मोलाची झाली आहे. आणि ज्या यंत्राचा बोर्डच गेला आहे किंवा ज्यावर व्हिडिओ-संकलन, त्रिमितीय आरेखन करायचे आहे, तिथे नवे घ्यावे. तिथे अडून बसण्यात अर्थ नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. कार्यालयीन संगणकाला त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. ते मिळावे यासाठी आवाज उठवायला पुण्याइतकी योग्य जागा नाही, कारण अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची सुरुवात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरात केली. पण कायद्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. महापालिका, विद्यापीठ, शिक्षणसंस्था आणि सहकारी बँका एका वेळी शेकड्यांनी यंत्रे घेतात, तेव्हा अटी लिहिण्याचे बळ त्यांच्याच हातात असते. प्रमाणित जोडणीचा एसएमपीएस, बोर्डाशी न बांधलेला प्रोसेसर, रॅमची एक तरी मोकळी खाच आणि बाहेरचा भाग बसवल्याने उर्वरित वॉरंटी जाणार नाही असे लेखी आश्वासन, एवढ्या अटी पुढच्या निविदेत घालाव्यात. आणि ज्यांच्या टेबलावर आज निर्लेखनाचा प्रस्ताव सहीसाठी आला आहे, त्या प्राचार्यांना, व्यवस्थापकांना आणि सोसायट्यांच्या सचिवांना विनंती आहे: सहीपूर्वी एका यंत्राचे कॅबिनेट उघडून घ्या, त्यात एसएसडी आणि रॅम घालून पंधरा दिवस कामाला लावा, आणि मग ठरवा.