निकालानंतरचे दिवस

पहिली जुलै उजाडली की आपल्याकडे तीन निमित्ते एकत्र येतात. पुसदजवळच्या गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन, १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या वाशीम जिल्ह्याचा वर्धापनदिन आणि २०२४ साली याच तारखेला अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पहिल्या दोहोंना हारतुरे मिळतात. तिसरीची आठवण मात्र घरातले कुणी कोर्टाची पायरी चढते तेव्हाच होते.

सोयाबीन-तुरीची पेरणी ऐन भरात असावी आणि धुऱ्याच्या जुन्या भांडणात घरच्या कर्त्याला दोन वर्षांची शिक्षा लागावी, असे आपल्या मुलखात घडू शकते. अशा वेळी संहितेचे कलम ४३० पुढे येते. आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर नाकारण्याचे विशेष कारण नसल्यास निकाल देणारे न्यायालयच अपील दाखल करण्यापुरता जामीन देते. कारंज्यातल्या कोर्टातून निघालेली वाट मग वाशीमच्या सत्र न्यायालयाकडे, कधी नागपूर खंडपीठाकडे वळते. गावात मात्र त्याच संध्याकाळी बोलले जाते, ‘सुटला!’ प्रत्यक्षात अपील फेटाळले गेले, तर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही.

दोषी ठरल्यावर जामीन द्यावा का, हा प्रश्न इतरत्रही पडतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये दोष ठरल्यानंतर शिक्षा सुनावेपर्यंत बरेचदा काही आठवडे जातात. ज्याला पूर्णवेळ कैद होणारच, त्याला या मधल्या काळात विशेष किंवा अपवादात्मक परिस्थितीशिवाय जामीन देऊ नये, असा कायदा तिथे २०२२ साली झाला. आपल्याकडे शिक्षेबाबतचे म्हणणे ऐकून ती बहुधा लवकरच सुनावली जाते. लांबते ते अपील. १९७७ साली कश्मिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच बजावले, की अपील वाजवी मुदतीत ऐकता येत नसेल, तर सबळ कारणाशिवाय माणसाला आत ठेवू नये. उद्या तो निर्दोष ठरला, तर गेलेली वर्षे त्याला कोण परत देणार?

पण हा दिलासा विलंबातून आलेला आहे, आणि त्या विलंबाची झळ फिर्यादीच्या घरालाही तितकीच लागते. तेव्हा जिल्ह्याच्या वर्धापनदिनी आपण रस्त्यांबरोबर वेळेवर ऐकल्या जाणाऱ्या अपिलांचीही मागणी करावी, आणि शेवटचा निकाल लागेपर्यंत आपला निकाल राखून ठेवावा.