गणिताशी गट्टी : चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

मुलांनो, ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून ऐकली असेल. मूळ वस्तू स्वस्त आणि वरचा थाटच महाग, असा तिचा अर्थ. आज आपण या कोंबडीचा हिशेब करू या!

पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणे गेले, पण म्हणीत राहिले. म्हणजे एक आणा हा रुपयाचा १/१६ भाग. खालचा १६ हा छेद. रुपयाचे किती सारखे भाग केले ते तो सांगतो. वरचा अंश त्यातले किती भाग घेतले ते सांगतो.

कोंबडी आणि मसाला मिळून खर्च किती?

४/१६ + १२/१६ = १६/१६ = १ रुपया.

मसाला कितीने महाग?

१२/१६ − ४/१६ = ८/१६, म्हणजे अर्धा रुपया.

बेरीज-वजाबाकी फक्त अंशांची केली. छेद तसाच ठेवला. का बरं? कारण छेद हे भागाचं नाव आहे. चार आणे आणि बारा आणे मिळून सोळा 'आणे'च होतात, नाव काही बदलत नाही.

तरी परीक्षेत घाईघाईनं कुणीतरी छेदांचीही बेरीज करतंच : २/४ + १/४ = ३/८. आता पडताळा घ्या. रुपयाचे २/४ म्हणजे आठ आणे, १/४ म्हणजे चार आणे आणि ३/८ म्हणजे सहा आणे. खिशात आठ आणे होते, वर चार मिळाले आणि झाले सहाच? दुकानदारानं असा हिशेब केला तर तुम्ही गप्प बसाल का? खरं उत्तर ३/४, म्हणजे बारा आणे, पाऊण रुपया!

आता एक गंमत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. निजामाचा रुपया निराळा, त्याला 'हाली' म्हणत. इंग्रजांचा रुपया तो 'कलदार'. दोन्हींचे आणे सोळाच. पण साधारण सात हाली रुपये दिले, की सहा कलदार मिळत. मग आठ आणे हाली आणि आठ आणे कलदार मिळून एक रुपया होईल का? नाही! तो धड हाली रुपया नाही आणि धड कलदारही नाही. छेद सारखा, पण रुपयाच वेगळा. लहान भाकरीची अर्धी आणि मोठीची अर्धी मिळून एक पूर्ण भाकरी होते का, तसंच हे.

म्हणून अपूर्णांकांची बेरीज करण्याआधी दोन गोष्टी बघा : छेद सारखे आहेत ना? आणि ज्याचे भाग केले, ती वस्तूही तेवढीच आहे ना?

डोकं चालवा : एका रुपयातून पाच आण्यांचा गूळ आणि चार आण्यांचे शेंगदाणे घेतले. उरले किती? अपूर्णांकात लिहा, मग आई-बाबांना तोंडी विचारा. बघू या, आधी कोण सांगतं!

(उत्तर : ७/१६ रुपया)