पुतळे तिघांचे आहेत, पण कॉलिन डिक्सन विसरू नका

पाहुणे आले की आपण कार्डिफची मराठी मंडळी त्यांना हमखास बेवर नेतो. मिलेनियम सेंटरसमोर फोटो, मग आईस्क्रीम, आणि जवळच लँडसी स्क्वेअरमध्ये उभे असलेले तीन रग्बी खेळाडू. बिली बॉस्टन, क्लाइव्ह सुलिव्हन, गस रिसमन. परवा मामांना तिथं नेलं. त्यांनी विचारलं, "हे वेल्सकडून खेळले का रे?" मी अडखळलोच. कारण ज्या जर्सीसाठी हे अख्खं शहर वेडं होतं, ती आर्म्स पार्कवरची जर्सी या तिघांपैकी एकालाही मिळाली नाही.

मामांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. पण या तिघांबद्दल नाही, चौथ्याबद्दल.

कॉलिन डिक्सन. जन्म १९४३, कार्डिफच्या टायगर बेचा. म्हणजे आज आपण जिथं फोटो काढतो त्याच गोदीच्या वस्तीतला, कृष्णवर्णीय मुलगा. १९६१ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, तो उत्तर इंग्लंडच्या हॅलिफॅक्स क्लबकडे गेला. मिसरूड फुटण्याच्या वयात गाव सोडलं, आणि त्याबरोबर एक दार कायमचं बंद झालं.

ते कसं, हे समजायला थोडा इतिहास हवा. वेल्समध्ये पूजा होते ती पंधरा जणांच्या रग्बी युनियनची. तेरा जणांची रग्बी लीग वेगळी. ही फूट पडली १८९५ मध्ये, हडर्सफील्डला. उत्तरेतले खेळाडू गिरणी कामगार, खाण कामगार. शनिवारी खेळायचं म्हणजे तेवढी मजुरी बुडणार. ती भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं. युनियनवाले म्हणाले, छे, खेळ हा हौसेखातर खेळायचा. मग २२ क्लब बाजूला झाले. तेव्हापासून जो लीगमध्ये गेला त्याला युनियनची दारं आजन्म बंद.

हौस ही गोष्ट मोठी छान आहे हो, पण ती परवडावी लागते. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्यानं "पैसा खेळाला बाटवतो" म्हणणं सोपं असतं. टायगर बेच्या पोरांना तर दुसरीही अडचण होती. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला १९८० चं दशक उजाडलं. असा कुठलाही लेखी नियम नव्हता. पण पोरं आंधळी नव्हती. १९५३ मध्ये बॉस्टन विगनला गेला आणि तिकडे हिरो झाला, हे त्यांनी पाहिलं होतं.

आता डिक्सनचा खेळ. सुरुवात सेंटरच्या जागेवर केली. १९६५ मध्ये हॅलिफॅक्सनं सेंट हेलेन्सला हरवून चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा तो विशीतला होता. पुढे तो सेकंड रोचा फॉरवर्ड झाला आणि तिथंच त्याचा खरा कस लागला. फॉरवर्डचं काम म्हणजे हमाली. अंगावर तिघे येणार हे माहीत असताना बॉल घेऊन सरळ घुसायचं, पडायचं, उठायचं, आणि मग टॅकल करत राहायचं. ट्राय करून टाळ्या घेतो विंगर, पण त्याला वाट मोकळी करून देतात हे लोक. डिक्सनकडे मात्र सेंटरचा वेगही होता. त्यामुळे तो नुसता ढकलणारा फॉरवर्ड कधीच नव्हता.

१९६८ च्या डिसेंबरात सॅलफर्डनं त्याला घेतलं. बारा हजार पौंड रोख आणि वर एक खेळाडू, त्या काळचा विक्रमी सौदा. त्या संघात डेव्हिड वॉटकिन्सही होता, वेल्स युनियनचा मोठा स्टार, तोही लीगमध्ये आलेला. १९७४ आणि १९७६ मध्ये सॅलफर्डनं चॅम्पियनशिप मारली. दोन्ही वेळी डिक्सन संघात होता. १९७४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर तो ग्रेट ब्रिटनकडून गेला. वेल्सच्या लीग संघाकडूनही खेळला. नंतर प्रशिक्षक झाला. १९९३ मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेला.

आणि दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, युनियननं जाहीर केलं की खेळाडूंनी खुशाल पैसे घ्यावेत. शंभर वर्षं ज्याला पाप म्हटलं ते एका ठरावानं पुण्य झालं! ज्यांची आयुष्यं त्या पापापायी बाहेर गेली, त्यांचं काय?

काही जण म्हणतील, "त्यांना कुणी हाकललं नव्हतं, ते पैशासाठी गेले." मान्य, पैशासाठीच गेले. आपणही इथं कशासाठी आलो? पण पोट भरायला गाव सोडणं वेगळं आणि त्यासाठी गावानं "आता परत खेळायला येऊ नकोस" म्हणणं वेगळं. पहिली गरज आहे, दुसरी शिक्षा.

लीगचंही उगाच गुणगान नको. १९५७ मध्ये ब्रिटनचा संघ परतताना दक्षिण आफ्रिकेत सामने खेळला, तेव्हा तिथल्या वर्णभेदापायी बॉस्टनला त्यातून बाहेर ठेवलं गेलं. तोंड उघडायची संधी लीगलाही होती, तिनंही ती सोडली. तरी एवढं खरं, की डिक्सनला मैदान दिलं ते लीगनं. १९७२ मध्ये सुलिव्हनला ब्रिटनचा कर्णधार केलं तेही लीगनंच, आणि ब्रिटन विश्वचषक जिंकलं.

२०२३ मध्ये बेवर पुतळे उभे राहिले. त्यासाठी जी तेरा नावं निवडली होती त्यात डिक्सन होता. लोकांच्या मतदानातून तिघे ठरले, तो राहिला. तक्रार नाही, तिघंही त्या मानाचे धनी आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. पुतळा पाहून "वा, काय जिद्द!" म्हणून आपण पुढे निघतो. जिद्द होतीच, पण जिद्दीचं कौतुक करताना नियम कुणी केले होते हे विचारायचं राहून जातं.

आणि तसले नियम आजही आहेत. बिनपगारी इंटर्नशिप घ्या. "अनुभव मिळेल" म्हणतात, पण सहा महिने फुकट राबणं कुणाच्या पोराला परवडतं? मुलांच्या क्रिकेटचं बघा. किट, फी, लांबच्या मॅचला गाडीनं नेणारा बाप, हे सगळं असेल तरच "टॅलेंट" दिसतं. दार कुणीच बंद केलेलं नसतं, फक्त उंबरठा उंच असतो.

पुढच्या वेळी पाहुण्यांना तिथं न्याल तेव्हा पोरांना चौथं नावही सांगा. टायगर बेचा कॉलिन डिक्सन, सेकंड रो. आणि तो इथून का गेला, हेही सांगा.