साडी घेतली की अपरिग्रह आठवतो!

वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून स्वतःसाठी खादीची साडी आणली आणि आठ दिवस कपाटात लपवून ठेवली. कशाला? चोरी केली होती का?

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची मर्यादा मोजताना पहिलं नाव शेताचं, मग घराचं, मग रुप्या-सोन्याचं. कापड येतं ते अगदी शेवटी, ‘कुप्य’ या शब्दात. पण घरच्यांनी प्लॉट घेतला की पेढे वाटतात, आणि बाईनं साडी घेतली की सगळ्यांना अपरिग्रह आठवतो!

अणुव्रतात परिमाण आपलं आपण ठरवायचं असतं. माझं ठरलंय: वर्षाला चार साड्या, नवी आली की एक जुनी देऊन टाकायची. ही तिसरी.

परवा तीच नेसून मंदिरात गेले. सासूबाईंनी किंमत विचारली. खरी सांगितली.