फॅमिली डॉक्टर : कुणाच्या फॅमिलीचा?

पिंपळनेर आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बाईला मनाचा डॉक्टर ठाऊक नसतो. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. साक्री ओलांडून धुळे गाठायचे तर मजुरी बुडते, सोबत कोण येणार हा प्रश्न, आणि 'वेड्याच्या डॉक्टरकडे गेली' ही बोंब गावभर. मग ती नेहमीच्याच डॉक्टरकडे जाते. 'मना जीव घाबरस,' म्हणते. झोप नाही, कंबर दुखते, अंगावरून जाते. तिला सलाइन लागते, ताकदीचे इंजेक्शन टोचले जाते, वर झोपेची गोळी. 'ताई, घरी काय चाललंय?' एवढे मात्र विचारले जात नाही.

हा प्रश्न आपल्या कामाचा नाही, असे म्हणणाऱ्या डॉक्टरांनी गोव्याकडे पाहावे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे बायकांच्या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारी अभ्यासल्या. २००५ मध्ये निष्कर्ष आले : या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट होते. आणि आपण वर्षानुवर्षे नुसत्या गोळ्या गिळतो आहोत!

गोव्यातलाच दुसरा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक दिल्यावर सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण ६६ टक्के, त्यांच्याविना ४२ टक्के. खाजगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक असो-नसो, प्रमाण ६५ च्या आसपासच. तुलनेच्या गटातल्या डॉक्टरांनाही तपासणीचा निकाल आणि उपचाराच्या सूचना दिलेल्या होत्या. म्हणजे ओळखीच्या डॉक्टरला हे जमते. 'आमच्याकडे वेळ नाही, आम्ही त्यातले तज्ज्ञ नाही' ही सबब आता पुरे.

पण खरी गोम वेगळीच आहे. फॅमिली डॉक्टर म्हणायचे, तो फॅमिली कुणाची पाहतो? पैसे नवरा देतो, लक्षणे सासू सांगते, बाई मान हलवते. संध्याकाळी चहाच्या टपरीवर नवऱ्यालाच सगळे कळते. मारणाऱ्याच्या शेजारी बसून मार कसा सांगणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने काही अपवाद सोडता गुप्ततेचा हक्क तिला दिला आहे, पण तो दवाखान्याच्या पडद्याआड पोचलेला नाही. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी तर चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, २०१४ पासून दुकानदाराने नोंदही ठेवायची असते. तरी बाईला आपण काय गिळतो त्याचे नावही माहीत नसते.

आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात, अत्याचाराला आजार म्हणू नका, गोळ्या म्हणजे बाईला गप्प करणे. अर्धे खरे आहे. पण नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या बाईला औषध नाकारून कसली क्रांती होणार? तिला औषधही हवे आणि मार थांबवणारी संघटनाही.

म्हणून तालुक्यातल्या डॉक्टरांकडे मोर्चा नको, आधी यादी घेऊन जाऊ. प्रत्येक बाईला पाच मिनिटे एकटीला भेटा. गोळीचे नाव, काम आणि किती दिवस घ्यायची ते तिलाच सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर भिंतीवर लिहा. आणि जिथे मारहाण दिसते, तिथे तिला विचारून आमच्या मंडळाचा पत्ता द्या. जे डॉक्टर नाही म्हणतील त्यांची नावे मंडळाच्या बैठकीत वाचू.