दहा मुखें, एक साक्ष

वसईच्या १७३९ च्या विजयावर निबंध लिहिणारा आमचा वसई-विरारचा विद्यार्थी महाजालावर क्षणार्धांत दहा लेख मिळवितो. चिमाजी अप्पांनीं आपलें मस्तक तोफेनें किल्ल्यांत उडविण्यास सांगितलें, ही कथा दहाही लेखांत आढळली कीं ती सिद्ध झाली! धन्य त्या संशोधनाची! आम्ही विचारतों, हे दहा साक्षीदार कीं एकाच मुखाचे दहा प्रतिध्वनी? लेखक कोण? त्याचा मूळ कागद कोणता? या मोहिमेचीं पत्रें गो. स. सरदेसायांनीं पेशवे दप्तराच्या सोळाव्या खंडांत छापलीं आहेत; तीं चाळण्याचा आळस कां? महाजाल हा वाटाड्या आहे, साक्षीदार नव्हे. पालकांनीं निबंधाचीं पानें मोजण्याआधीं मुलास एवढेंच पुसावें : ‘बाळ, हें तुला कोणीं सांगितलें, आणि त्याला कोणीं?’