समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा सत्याग्रह

६ एप्रिल १९३० रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला गेला, तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण उभी राहिली. येथे समुद्रच नव्हता. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ करण्यात आले. परंतु यवतमाळच्या शेतकऱ्याला खरा जाच होता तो जंगल कायद्याचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरे चरली, ते रान सरकारी झाले आणि बैलाच्या मुखीचा घास गुन्ह्यात जमा झाला.

वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी हे दुखणे अचूक ओळखले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी कायदेभंग केला व अटक पत्करली. त्याच महिन्याच्या २१ तारखेस यवतमाळनजीक लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला. सरसंघचालकपदाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते व्यक्तिशः या लढ्यात उतरले होते. नऊ महिन्यांची शिक्षा झाली. अकोल्याचा तुरुंग वाट्यास आला.

मूठभर गवतासाठी तुरुंग! वरवर पाहता हा सौदा हास्यास्पद वाटेल. पण ज्या गुराख्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, त्याला स्वराज्य म्हणजे काय हे या विळ्याने समजावले. त्याच्या गोठ्यातील दुःख हे राष्ट्राचे दुःख ठरले, म्हणूनच राष्ट्र त्याला आपले वाटले. ध्वनिवर्धकावर देशभक्तिपर गीते लावून १५ ऑगस्ट ‘उरकणाऱ्यांना’ ही उकल सहसा सुचत नाही.

याच अण्यांनी पुढे स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरला आणि १९६२ मध्ये ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. बिहारचे राज्यपालपद भूषविलेल्या या पुरुषाला प्रदेशाचे प्रेम आणि देशाची निष्ठा यांत कधी विरोध जाणवला नाही.

त्या सत्याग्रहाचा हिशेब मात्र अजून पुरता मिटलेला नाही. ब्रिटिशांनी केलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. चराईसह वनहक्कांना मान्यता देणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले. त्यातही दावा दाखल करायचा, पुरावे जोडायचे, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि मग उपविभागीय व जिल्हा समितीच्या निर्णयाची वाट पाहायची. जिल्ह्यातील कोलाम पोडावरच्या माणसासाठी ही कागदपत्रे कोण तयार करून देणार, हा प्रश्न लोहाऱ्याचे स्मरण करणाऱ्या प्रत्येकाच्या दारी उभा आहे.